सोडा, व्हिनेगर आणि गरम पाणी: स्वयंपाकघरात काय कुठे चालतं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. घरात रांगतं मूल आहे, म्हणून उग्र वासाचे क्लीनर बंद केले. व्हिनेगरमध्ये खाण्याचा सोडा घालून ते मिश्रण स्प्रेच्या बाटलीत भरून ठेवलं आणि तीन महिने सगळीकडे तेच मारताय. तरी चिमणीच्या आसपासचा चिकटा हलत नाही, सिंकचा वास जात नाही, आणि वरून ओट्याचा दगड एका जागी निस्तेज पडलाय. ‘नैसर्गिक उपाय नुसते बोलायलाच का?’ असं तुम्ही वैतागून विचारलंय.

तसं नाही. मी सतरा वर्षं दुसऱ्यांची स्वयंपाकघरं साफ करून देण्याचं काम करते आणि माझ्या बादलीत आजही बहुतेक वेळा गरम पाणी, भांड्यांचा साबण, सोडा आणि व्हिनेगर एवढंच असतं. पण तुमच्या बाटलीत सोडाही नाही आणि व्हिनेगरही नाही. सोडा अल्कली, व्हिनेगर आम्ल. दोन्ही एकत्र आले की फसफसतात, कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि मागे उरतं ते पाणी आणि सोडियम अ‍ॅसिटेट नावाचं एक मीठ. म्हणजे तीन महिने तुम्ही जवळजवळ मिठाचं पाणी मारताय. एखादा घटक जास्त पडला असेल तर तेवढाच काय तो कामाला येतो. फेस पाहून काहीतरी जोरदार घडतंय असं वाटतं खरं, पण ती ताकद तिथेच खर्ची पडते. शिवाय असं मिश्रण ताजं असताना झाकण घट्ट लावलं तर आत वायू साठून बाटली फुगते, कधी झाकण उडतं. तेव्हा आधी ती बाटली ओतून टाका.

खरी अडचण सोडा की व्हिनेगर ही नाहीच. स्वयंपाकघरात निदान तीन वेगवेगळ्या जातीची घाण असते आणि तुम्ही तिन्हींवर एकच पाणी मारताय. तेलकट किटण अल्कलीला आणि साबणाला दाद देतं. नळावर, किटलीत बसणारे पांढरे क्षार आम्लाने विरघळतात. तिसरी घाण ओली, बुळबुळीत आणि चक्क जिवंत असते. तिला घासणं, उष्णता आणि कोरडेपणा लागतो. घाण ओळखली की अर्धं काम झालं. उरलेलं अर्धं म्हणजे थांबणं, आणि तिथे बहुतेकांचा धीर सुटतो. फवारलं की लगेच पुसलं. सोड्याला, साबणाला त्यांचं काम करायला दहा-पंधरा मिनिटं द्या, म्हणजे तुमच्या मनगटाला कमी राबावं लागेल.

आता चिमणीकडे येऊ. तिथला चिकटा बोटाला लागतो पण पुसून निघत नाही, उलट फडक्याचे धागेच त्याला चिकटून राहतात, बरोबर ना? ते आता साधं तेल राहिलेलं नाही. तापलेल्या तेलाचे बारीक तुषार वर जाऊन बसतात, उष्णता आणि हवेतला ऑक्सिजन मिळून त्यांचे रेणू एकमेकांत गुंतत जातात आणि महिन्या-दोन महिन्यांत त्याचं वार्निश होतं. चित्रकार जवसाचं तेल वापरतात ते याच गुणासाठी, आणि बिडाच्या भांड्यावर धरलेला काळा थर हाही त्याच जातीचा. त्यावर व्हिनेगर कितीही मारा, ढिम्म. तेलाला आम्लाचं काही वाटत नाही.

इथे मी तीन पायऱ्या करते. थर ताजा असेल, म्हणजे नखाने ओढल्यावर ओशट रेघ उठत असेल, तर गरम पाण्यात भांड्यांचा साबण. अर्धा लिटर पाण्याला अर्धा चहाचा चमचा पुरतो. जास्त घातला तर साबणाचाच पापुद्रा राहतो आणि त्यावर नवी धूळ बसते. फडकं या पाण्यात बुडवून, किंचित पिळून, त्या जागेवर नुसतं चिकटवून ठेवायचं. दहा मिनिटांनी काढायचं आणि तेव्हाच पुसायचं. थर मध्यम असेल, म्हणजे चिकट आहे पण नख रुततं, तर गंमत म्हणून एकदा तेलानेच पुसून पाहा. दोन थेंब खायचं तेल कापडावर घेऊन चोळा, थोडं थांबा, थर मऊ पडतो. मग साबणाच्या पाण्याने दोन्ही तेलं एकदम निघतात. मी हे पहिल्यांदा सांगते तेव्हा लोक माझ्याकडे संशयाने बघतात.

थर पिवळा-तपकिरी होऊन कडक झाला असेल तर मात्र धुण्याचा सोडा लागतो. खाण्याच्या सोड्याच्या पाण्याचा सामू (पीएच, म्हणजे आम्ल-अल्कलीचं माप) ८.३ च्या आसपास असतो, धुण्याच्या सोड्याचा ११ च्या आसपास. आकडे जवळजवळचे वाटतात, पण सामूच्या मोजपट्टीवर एकेक पायरी दहापटीची असते, त्यामुळे ताकदीत जमीन-अस्मानाचा फरक पडतो. एक लिटर गरम पाण्याला दोन मोठे चमचे, हातात रबरी मोजे, खिडकी उघडी. स्टीलची जाळी त्यात अर्धा तास बुडवली की पाण्याला चहाचा रंग येतो आणि जुन्या टूथब्रशने कोपरे सहज निघतात. हाच सोडा तैलरंगाच्या भिंतीवर किंवा पॉलिश केलेल्या लाकडावर मारलात तर घाणीबरोबर रंगही उतरेल, कारण रंग म्हणजेही वाळलेलं तेलच.

आणि अ‍ॅल्युमिनियम! इथे मी स्वतः तोंडघशी पडले आहे. काम सुरू करून वर्षही झालं नव्हतं. एका घरी चिमणीच्या जाळ्या सोड्याच्या उकळत्या पाण्यात टाकल्या आणि दुसऱ्या कामाला लागले. परत येऊन पाहते तो पाण्याला बुडबुडे सुटलेले आणि चकचकीत जाळ्या काळपट करड्या झालेल्या. अल्कली अ‍ॅल्युमिनियमला खाते. ते बुडबुडे हायड्रोजनचे होते. स्वच्छ झाल्या होत्या, दिसत मात्र होत्या आगीतून काढल्यासारख्या. नव्या जाळ्यांचे पैसे माझ्या मजुरीतून गेले. तेव्हापासून अ‍ॅल्युमिनियमला फक्त गरम पाणी आणि भांड्यांचा साबण, हवं तर दोनदा. हाच नियम अ‍ॅल्युमिनियमच्या भांड्यांना.

क्षारांचं प्रकरण सोपं आहे. नळाच्या तोंडाशी, किटलीच्या तळाशी, सिंकच्या कडेला जो पांढरा खडबडीत थर बसतो तो बहुतांशी कॅल्शियम कार्बोनेट असतो आणि तो आम्लात विरघळतो. साध्या व्हिनेगरमध्ये साधारण ५ टक्के अ‍ॅसिटिक आम्ल असतं, तेवढं पुरतं. नळाला व्हिनेगरमध्ये भिजवलेलं कापड गुंडाळून अर्धा तास ठेवा. किटलीला मी लिंबूसत्व पसंत करते, कारण वास राहत नाही: एक लिटर पाण्याला दोन चहाचे चमचे, एक उकळी, वीस मिनिटं थांबून ओतून टाका आणि दोनदा विसळा. स्टीलच्या भांड्यावर तापवल्यावर निळसर-जांभळी झाक येते तीही व्हिनेगरच्या फडक्याने जाते. किती वेळा करायचं हे तुमचं पाणी किती जड आहे त्यावर. कुणाला वर्षातून दोनदा पुरतं, कुणाला दर पंधरा दिवसांनी करावं लागतं.

आता तुमच्या दगडाचं, आणि ही बातमी चांगली नाही. संगमरवर आणि चुनखडीचे दगड म्हणजेही कॅल्शियम कार्बोनेटच. किटलीतला क्षार आणि तुमचा ओटा यांच्यात व्हिनेगरला फरक कळत नाही. तुमच्या मिश्रणात व्हिनेगर जास्त पडत असणार आणि बाटली ठेवता त्या जागी थेंब साचत असणार. तो निस्तेज ठिपका डाग नाही, तिथला दगडाचा पृष्ठभागच खाल्ला गेलाय, त्यामुळे कशानेही ‘धुऊन’ निघणार नाही. दगडाला पॉलिश करणाऱ्याकडूनच ते पुन्हा चकाकेल. तुमचा दगड कोणता ते तुम्ही लिहिलेलं नाही. ग्रॅनाइट आम्लाला बराच तग धरतं, पण त्यावर लावलेलं सीलर रोजच्या व्हिनेगरने कमकुवत होऊ शकतं. म्हणून दगड कुठलाही असो, ओट्यासाठी माझं उत्तर एकच: कोमट पाणी, साबणाचा थेंब, मग स्वच्छ पाण्याचं फडकं, मग कोरडं. लिंबाची फोड कापून तशीच ओट्यावर ठेवायची सवय असेल तर तीही सोडा.

सिंकच्या वासाबद्दल. जाळीतून सोडा ओतायचा, वरून व्हिनेगर, आणि ज्वालामुखीसारखा फेस वर येतो, हा प्रयोग तुम्ही केलाच असणार. फेसाने थोडा सैल कचरा हलतो, एवढंच त्याचं श्रेय. वास येतो तो पाइपच्या आतल्या भिंतीला धरलेल्या बुळबुळीत थराचा. अन्नाचे कण आणि तेल खाऊन जगणारे जिवाणू स्वतःभोवती हा चिकट थर बांधतात आणि तो नुसत्या ओतण्याने सुटत नाही, घासावाच लागतो.

परवाच एका घरी हेच झालं. बाईंनी पाइपात काय काय ओतलं होतं, वास तसाच. मी जाळी उचलली, तिची खालची बाजू उलटी केली आणि त्यांना दाखवली. वरून लख्ख, खालून करड्या जेलीसारखा थर, त्यात भाताएवढे कण अडकलेले. मग सिंकच्या वरच्या कडेजवळचं ते छोटं भोक, जास्त झालेलं पाणी जायला असतं ते; त्यात बाटली धुवायचा बारीक ब्रश घातला तर बाहेर आला तो काळा. सतरा वर्षांत या भोकात ब्रश घालणारी माणसं मला मोजकीच भेटली. दोन्ही जागा साबणाने घासल्या, गरम पाणी सोडलं, वास गेला. तुम्हीही आधी जाळीची खालची बाजू, ते भोक, आणि पाइपचा हात पोचेल तेवढा भाग लांब ब्रशने घासा. त्यानंतरही वास राहिला तर सिंकखालचा वळणाचा भाग, म्हणजे ट्रॅप, खाली बादली ठेवून उघडा आणि धुवा. पाणी गरम सोडा, पण उकळतं नको. प्लॅस्टिकचे पाइप तेवढ्या उष्णतेत मऊ पडतात आणि सांधे गळू लागतात.

ट्रॅपवरून आठवलं. घरात क्वचित वापरात येणारं दुसरं सिंक असेल आणि तिथून गटाराचा वास येत असेल, तर तो घाणीचा नसून कोरडेपणाचा असू शकतो. ट्रॅपमध्ये साठलेलं पाणी खालचा वायू अडवून धरतं. ते आटलं की वाट मोकळी. आठवड्यातून एक तांब्या पाणी ओतलं की झालं.

रांगतं मूल आहे म्हणून जंतूंची काळजी तुम्हाला जास्त असणार, आणि इथे मला स्पष्ट बोलायला हवं. व्हिनेगर, लिंबू, सोडा हे साफ करणारे पदार्थ आहेत. जंतुनाशक म्हणून त्यांच्यावर भरवसा टाकता येत नाही. काही जिवाणू व्हिनेगरने मरतात, बरेच मरत नाहीत. रोजच्या ओट्याला त्याची गरजही नसते. साबण आणि पाणी जंतूंना मारण्यापेक्षा धुऊन नेतात, आणि पृष्ठभाग कोरडा राहिला तर उरलेल्यांना वाढायला ओल मिळत नाही. पण कच्चं मांस, अंडं फुटून सांडलेलं, घरात कुणाला जुलाब-उलट्या, अशा वेळी मी हट्ट सोडते. आधी साबणाने धुणं, मग चॉपिंग बोर्ड आणि सुरीवर उकळतं पाणी, आणि ओट्यावर पातळ केलेलं ब्लीच, बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणात आणि तेवढाच वेळ, मग स्वच्छ पाण्याने पुसून काढणं. संगमरवर असेल तर ब्लीच लावण्याआधी कोपऱ्यात तपासून पाहा.

आणि हे फ्रिजवर लिहून ठेवा: ब्लीच आणि व्हिनेगर कधीही एका जागी येऊ द्यायचे नाहीत, एकापाठोपाठसुद्धा नाही. क्लोरीन वायू सुटतो. बंद स्वयंपाकघरात थोडाही पुरतो. ब्लीचबरोबर अमोनिया असलेला काचेचा क्लीनरही चालत नाही. आपण घरात नैसर्गिक आणि बाजारचं असं अर्धं-अर्धं वापरतो, म्हणूनच हा अपघात जास्त होतो.

नैसर्गिक या शब्दाचं म्हणाल तर खाण्याचा सोडा काही ठिकाणी जमिनीतून काढलेल्या ट्रोना नावाच्या खनिजापासून बनतो, काही ठिकाणी कारखान्यात मीठ आणि चुनखडीपासून. दोन्ही डब्यांतली पूड एकच. मला त्या शब्दाशी भांडायचं नाही, पण धुण्याचा सोडा ‘नैसर्गिक’ म्हणून मुलाच्या हाताला लागेल असा ठेवू नका. डोळ्यात गेला तर चांगलाच झोंबतो. पिण्याच्या पाण्याच्या बाटलीत तर काहीच भरू नका. माझ्याकडे प्रत्येक बाटलीवर चिकटपट्टी असते, आत काय आहे आणि कधी भरलं ते लिहिलेली.

जंतूंचा विषय निघालाच आहे तर ओट्यापेक्षा तुमच्या घासणीकडे बघा. जर्मनीतल्या संशोधकांनी २०१७ मध्ये वापरातल्या १४ स्पंजांची तपासणी छापली. काही जागी एका घन सेंटिमीटरमध्ये ५० अब्जांहून जास्त जिवाणू सापडले. घाबरायचं कारण नाही, त्यातले बरेच निरुपद्रवी असतात. पण कुबट वास येणाऱ्या स्पंजने ओटा पुसणं म्हणजे साफ करणं नव्हे, वाटप करणं आहे. मी स्पंजाऐवजी पातळ सुती फडकी वापरते. ओट्याचं वेगळं, जमिनीचं वेगळं, रंगही वेगळे. रोज रात्री साबणाने धुऊन, घट्ट पिळून, पसरून वाळत. गोळा करून नळावर ठेवलेलं फडकं सकाळपर्यंत ओलंच राहतं आणि सगळा खेळ तिथे बिघडतो. आठवड्यातून एकदा दहा मिनिटं उकळा. स्पंज वापरायचाच असेल तर वास येण्याची वाट न बघता एक-दोन आठवड्यांत बदला.

बाकीच्या जागा पटकन सांगते. मायक्रोवेव्हमध्ये वाटीभर पाणी तीन-चार मिनिटं तापवायचं, पाच मिनिटं दार बंदच ठेवायचं आणि मग पुसायचं. लिंबू घातलंत तर वास छान येतो, काम वाफच करते. वाटीत लाकडी चमचा ठेवा, नाहीतर अति तापलेलं पाणी बाहेर काढताना अचानक उसळतं. फ्रिज आतून पुसायला लिटरभर कोमट पाण्यात दोन मोठे चमचे खाण्याचा सोडा. पण वास येत असेल तर आधी दाराच्या रबराच्या घडीत आणि भाज्यांच्या कप्प्याखाली बघा. सोड्याची वाटी आत ठेवून सांडलेल्या दुधाचा वास जात नाही. करपलेल्या स्टीलच्या भांड्यात पाणी आणि दोन चमचे सोडा घालून दहा मिनिटं उकळा, गार होऊ द्या, लाकडी उलथन्याने खरवडा. तांब्या-पितळेला मीठ-लिंबू उत्तम, मात्र लगेच धुऊन कोरडं करा. मुंग्यांची रांग दिसली तर रांगेची वाट साबणाच्या पाण्याने पुसा. मुंग्या वासाच्या मागावर चालतात, माग पुसला की निदान त्या वाटेने येणं थांबतं. झुरळांना मात्र अन्नापेक्षा पाण्याचं जास्त अडतं. जर्मन झुरळ अन्नावाचून महिनाभर काढू शकतं, पाण्यावाचून दोनेक आठवड्यांच्या पुढे टिकत नाही. म्हणून रात्री सिंक कोरडं पुसणं हा माझा सगळ्यात स्वस्त झुरळांवरचा उपाय आहे.

तुम्ही ‘रोज किती वेळ द्यायचा’ असंही विचारलंय. ते घरात किती माणसं, किती तळण होतं, वारा खेळतो की नाही यावर आहे. माझ्या स्वतःच्या घरी रात्रीची दहा मिनिटं: शेगडी कोमट असतानाच पुसायची, कारण तेल अजून तेलच असतं, वार्निश झालेलं नसतं, मग ओटा, सिंक, फडकं वाळत. आठवड्यातून एकदा जाळी आणि ते भोक. महिन्यातून एकदा चिमणी. हे सांभाळलं तर धुण्याच्या सोड्याचा डबा मला वर्षभर पुरतो.

तुमच्यापुरतं आता असं करा. या शनिवारी फक्त चिमणी घ्या, बाकी काही नाही. जाळी काढलीत की आधी तिला चुंबक लावून बघा. चिकटलं तर ती स्टीलची आहे, सोड्यात बिनधास्त बुडवा. चिकटलं नाही तर घाई नको. काही प्रकारच्या स्टीललाही चुंबक धरत नाही, त्यामुळे ती अ‍ॅल्युमिनियमचीच आहे असं समजून साबणाच्या गरम पाण्यात वीस मिनिटं ठेवा, ब्रशने घासा, गरज पडली तर पाणी बदलून पुन्हा. आणि ओट्याचा दगड कोणता, ते कळवा. पॉलिशवाल्याला बोलावण्याआधी त्याला काय विचारायचं ते मग सांगते.